वाळूची बादली घेऊन धुळ्याला

जिना चढून आलं की डाव्या हाताला आबांचं दुकान आणि उजव्या हाताला माझं. माणसं वर यायची, धापा टाकत क्षणभर थांबायची, माझ्या काचेच्या दाराकडे, एसीकडे, रंगीत पाटीकडे कौतुकाने बघायची आणि डावीकडे वळायची. हे मी रोज बघत होतो. मला आबांचा हेवा वाटायचा, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याविषयी काही चांगलं बोललो तर ते किती नाइलाजाने बोलतोय ते तुमच्या लक्षात येईल.

त्यांच्या दुकानात काय होतं? एक टेबल, दोन स्टुलं, एक कुरकुरणारा पंखा. पाटीवर 'दुरुस्ती' एवढाच शब्द. कशाची, कोणाची, काही नाही. जळगावच्या मे महिन्यात, डांबर पायाला चिकटतं अशा उन्हात, लोक त्या पंख्याखाली घाम पुसत तासभर बसायचे, पण माझ्या गारव्यात यायचे नाहीत. कधी एखादा दार ढकलून आत यायचा आणि विचारायचा, "आबांना जरा वेळ आहे म्हणे. तोवर इथं बसलं तर चालेल?" बसा म्हणायचो. पाणीसुद्धा द्यायचो.

आबा मूळचे भडगावकडचे, पण सगळी नोकरी वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली. ज्या वयात लोक नातवाकडून मोबाइल लावून घेतात, त्या वयात हे रिटायर होऊन जळगावात आले आणि लॅपटॉप खोलायला शिकले. कोणाकडे शिकले ते कोणालाच माहीत नाही. मी रीतसर डिप्लोमा केलाय, त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. आजवर एका गिऱ्हाइकाने ते वाचलं नाही.

त्यांचा खरा नाद बॅटरीचा. स्क्रीन, कीबोर्ड, चार्जर ही कामं ते करायचे, पण नाइलाज म्हणून. बॅटरीची तक्रार घेऊन कोणी आलं की चेहरा बदलायचा. लॅपटॉप दोन्ही हातांनी घ्यायचे, बंद करायचे, आणि सगळ्यांच्या देखत नाकाला लावून हुंगायचे. होय, हुंगायचे. एकदा एक प्राध्यापिका बाई शेजारी उभ्या होत्या, त्या दोन पावलं मागे सरकल्या. आबांना त्याचं काही नाही. "गोडसर वास येतो का बघतो," म्हणायचे. "नखांना लावायचं पॉलिश असतं ना, तसा. तो आला की घरात ठेवायची नाही."

मग अहिराणीत प्रश्न, हा पडला होता का. "हाऊ पडना का?"

गिऱ्हाईक म्हणणार, नाही आबा, कधीच नाही. आबा काही बोलायचे नाहीत. चष्मा पुसायचे, बाहेर बघायचे, टेबलावरची धूळ बोटाने गोळा करायचे. एवढ्या शांततेत माणूस टिकत नाही. मिनिटभराने तो कबूल करायचा की हो, गाडीवरून एकदा बॅग घसरली होती. कोणी कबूल करायचा की पाणी सांडलं होतं. एका कापडाच्या दुकानवाल्या शेठजींनी तर लॅपटॉपवर कापडाचा तागा आपटल्याचं कबूल करता करता मुनिमावर ओरडल्याचंही कबूल केलं आणि डोळे पुसले. माझ्याकडे लोक कबूल करत नाहीत. माझ्याकडे म्हणतात, "वॉरंटी आहे ना?"

त्यानंतर काच. खाली फोटोफ्रेमचं दुकान चालवणाऱ्या चाचांकडून कापून आणलेली साधी जाड काच टेबलावर असायची. आबा लॅपटॉप बंद करून त्या काचेवर ठेवायचे, समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबायचे. तळाचे चारही रबरी पाय काचेला टेकले तर ठीक. डुगडुगला, तर बोटाने हलकेच टिचकी मारायचे, आणि तो लॅपटॉप पोटावर गर्रकन फिरायचा. मग झाकण आणि कीबोर्ड यांच्यामध्ये कागद सारून बघायचे, जिथं फट असू नये तिथं आहे का. बस. एवढी यांची तपासणी. फिरला की निकाल लागला.

"बदलायची," ते म्हणायचे. "आज. उद्या नही."

"पण आबा, अजून चार तास चालते."

"चालणारच. फुगलेला माणूसही जेवतो."

आता माझं बघा. मी चांगलं महागाचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. लॅपटॉपला लावलं की बॅटरीची तब्येत टक्क्यांत दाखवतं, हिरवा-पिवळा-लाल रंग दाखवतं, छापील कागद देतं. बाहेर पाटी लावली, 'बॅटरीची संगणकीय तपासणी मोफत'. लोक यायचे, मोफत तपासून घ्यायचे, कागद घेऊन समोर जायचे आणि आबांना दाखवायचे. आबा कागद वाचायचेही नाहीत, त्याचाच उपयोग झाकणात सारायला करायचे.

एकदा मी न राहवून त्यांना म्हटलं, "आबा, मशीन ऐंशी टक्के दाखवतंय आणि तुम्ही बदला म्हणता. लोकांना घाबरवणं बरोबर नाही." ते म्हणाले, "भाऊ, मशीन सांगतं तिच्यात किती मावतं. तिचं पोट मशीनला दिसत नाही." वयाने वीस-पंचवीस वर्षांनी मोठे, पण मला कायम 'भाऊ' आणि 'तुम्ही'. अरे-तुरे केलं असतं तर निदान भांडायला सोपं गेलं असतं.

आणि फक्त बदला म्हणत असते तरी मी समजू शकलो असतो. दुकान आहे, माल खपवायचाय. पण याच्या उलटंही करायचे. कोणी जुनापुराणा लॅपटॉप घेऊन यायचा, बॅटरी अर्धा तासही टिकत नाही, नवीन टाका म्हणायचा. आबा हुंगणार, काचेवर ठेवणार, हात लावून बघणार, आणि म्हणणार, "ही थकली शे. बिघडली नाही. चार्जर लावून वापरा अजून दोन वर्षं. म्हातारा माणूस कमी चालतो म्हणून त्याला घराबाहेर काढतो का आपण?" आणि परत पाठवायचे! माझ्या कपाटात त्याच मॉडेलची बॅटरी डब्यात पडलेली असायची. म्हणजे जो विकत घ्यायला तयार आहे त्याला नको सांगायचं, आणि जो नको म्हणतो त्याचा लॅपटॉप अडवून ठेवायचा. असा धंदा करून माणूस भिकेला लागायला पाहिजे. हे लागत नव्हते. मी रोज वाट बघत होतो.

मीही काच आणली, हे कबूल करायला हवं. त्यांच्यापेक्षा दुप्पट मोठी, कडा घासलेली. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आबांकडून आणली का?" दुसऱ्या दिवशी मी ती घरी नेली. बायकोने तिच्यावर पापड वाळवले. त्याच बायकोने, हे मला पुढे कधीतरी कळलं, आपल्या भावाचा लॅपटॉप माझ्या नकळत आबांकडून तपासून घेतला होता. आबा मेहरूण तलावावर सकाळी फिरायला जातात म्हणून मीही जायला लागलो, निदान तिथं चार ओळखी होतील. तिथंही लोक मला ओलांडून त्यांना गाठायचे, "आबा, आमचा बंद असतानाही गरम लागतो हो," आणि आबा चालता चालता थांबून सांगायचे की बंद असताना गरम लागतो म्हणजे आज घरी जाऊन चार्जर काढा, गादीवरून उचला, फरशीवर ठेवा आणि मला आणून द्या. लोक मान डोलवायचे. मी तलावाकडे बघत बसायचो.

फुगलेली बॅटरी काढण्याचा त्यांचा सोहळा तर बघण्यासारखा होता. मी बघायचोही, माझ्या काचेतून, कामात असल्याचं दाखवत. आधी घड्याळ, अंगठी, खिशातल्या किल्ल्या, कमरेचा पट्टा, सगळं धातूचं एका ताटलीत काढून ठेवायचे. मग स्टुलावर डोळे मिटून बसायचे. मला वाटायचं जप करतात. नंतर कळलं, ते स्वतःला विचारायचे की आज कोणाशी भांडलो का. कारखान्यातली सवय. डोकं तापलेलं असेल त्या दिवशी अशा वस्तूला हात लावायचा नाही. एकदा सकाळी घरी वरणात मीठ जास्त झाल्यावरून त्यांची काकूंशी बाचाबाची झाली, तर दुकानावर खडूने लिहिलेली पाटी, 'आज फक्त साधी कामं'. लोकांनी कौतुक केलं! मी बायकोशी भांडून आलो तर लोक म्हणतात, आज शेठचा मूड नाही.

भांडण नसेल तर हळूहळू स्क्रू काढायचे, प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या नकाशात त्याच्या त्याच्या जागी ठेवायचे, आणि प्लास्टिकची पट्टी घालून बॅटरी सोडवायचे. जोर नाही, टोकदार काही नाही. दाबून बसवू पाहणाऱ्या लोकांवर मात्र ते चिडायचे. टचपॅड वर आलंय म्हणून त्यावर वरवंटा ठेवणारा एक जण मी स्वतः बघितलाय. आबांनी त्याला एवढंच विचारलं, "घरात कोणकोण असतं?" काढलेली बॅटरी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत लाल रंगाच्या बादलीत, गिरणा नदीच्या चाळलेल्या कोरड्या वाळूत ठेवायचे, आणि इलेक्ट्रॉनिक कचरा नेणारा येईपर्यंत दिवसातून तीनदा खाली जाऊन बघायचे.

आता अक्काची गोष्ट.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धुळ्याला असते. तिची मुलगी घरून काम करते, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं, दिवसभर लॅपटॉपवर. लॅपटॉप माझ्याच दुकानातला, संक्रांतीला त्यात मेमरीही मीच वाढवून दिली होती. एप्रिलमध्ये दोघी नात्यातल्या एका लग्नाच्या खरेदीला जळगावला आल्या. मी जेवायच्या डब्यावरून डोकं वर काढलं तर समोर डावीकडे, त्या पंख्याखाली, स्टुलावर माझी सख्खी बहीण बसलेली, आणि आबा माझ्या भाचीचा लॅपटॉप हुंगतायत.

मी हात न धुताच बाहेर गेलो.

"अरे, तुला कामात त्रास नको म्हणून," अक्का म्हणाली. "टचपॅड दबत नाही हिचं. बसमध्ये एक जण म्हणाला, आबांना दाखवा."

काचेवर लॅपटॉप फिरत होता. आबांनी टिचकी मारलीच होती. संथपणे एक पूर्ण फेरा घेऊन तो थांबला. आबांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, हा आज परत न्यायचा नाही. बदलायला लागेल."

मला दिसलं होतं. हे लिहिताना मी स्वतःला कुठलीही सूट देत नाही. टचपॅडची कड वर आली होती, तळाचा एक पाय अधांतरी होता, मला सगळं दिसलं होतं. पण माझ्या दुकानातून गेलेला लॅपटॉप, माझी बहीण, आणि निकाल देणार हे? मी काचेवरून लॅपटॉप उचलला, माझ्या दुकानात नेला, सॉफ्टवेअर लावलं. एक्क्याऐंशी टक्के, हिरवा रंग. कागद छापून अक्काच्या हातात दिला.

"काही झालेलं नाही. टचपॅडची पट्टी सैल झालीय, पुढच्या वेळी आलीस की बघतो. तोवर हा माउस घे." आणि एक नवा कोरा माउस, डब्यासकट, भाचीला दिला. ती बिचारी खूश झाली. मामा म्हणजे मामा.

आबा दारात येऊन उभे होते. भाचीला म्हणाले, "पोरी, चार्जरला लावू नको. गादीवर ठेवू नको. तुना नंबर दे आणि घरचा पत्ता सांग." तिने माझ्याकडे बघितलं, मी मान वळवली, तिने नंबर दिला, पत्ता सांगितला. मग दोघी दुपारच्या बसने धुळ्याला गेल्या, आणि मी डबा उघडून उरलेली भाकरी खाल्ली. छान लागली. जिंकल्यावर जेवण चांगलं लागतं.

दुसऱ्या दिवशी आबांचं शटर बंद. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. खाली चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "आबा तं सकायलेच धुळाले ग्यात. वाळूनी बादली लिसन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाचीची काळजी वगैरे काही नाही. डोक्यात एकच, हा माणूस माझ्या बहिणीच्या घरी जाऊन, तिच्या सासरच्यांसमोर, मला खोटा पाडणार. मी दुकान बंद केलं, मोटारसायकल काढली आणि त्यांना अडवायला निघालो. अकरा वाजले होते, रस्त्यावरून वाफा निघत होत्या. एरंडोलपर्यंत मी मनातल्या मनात भाषण तयार करत होतो. "आबा, तुमचा मान आहे, पण घरात घुसायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" चांगलं भाषण होतं.

पारोळ्याला पाणी प्यायला थांबलो तेव्हा अक्काला फोन केला. उचलला नाही. भाचीला केला. रिंग वाजत राहिली. परत केला. ती कामाच्या वेळात कधी फोन सोडत नाही. मग मला आठवलं की ती पलंगावर बसून काम करते, मांडीवर लॅपटॉप घेऊन, चार्जर लावून, आणि शेजारी कूलर. मीच तिला चिडवायचो, ऑफिस आहे की माहेरपण. माझी तहान गेली. एक्क्याऐंशी टक्के म्हणून मी कागद दिला होता, आणि ती पोर मामाच्या कागदावर विसंबून तो मांडीवर घेऊन बसली असणार. पुढच्या रस्त्यावर मी भाषण केलं नाही. आबांची बस वेळेवर सुटली असू दे, वाटेत कुठे बंद पडू नये, एवढंच मागत होतो. ज्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून मी कित्येक वर्षं मनात जप लावला होता, तो माझ्याआधी पोहोचलेला असावा म्हणून मी देवाला हात जोडले, एका हाताने गाडी धरून.

अक्काच्या घराचं फाटक उघडंच होतं. मी गाडी स्टँडला न लावता तशीच भिंतीला टेकवली.

अंगणात लिंबाच्या सावलीत, फरशीवर, आबा मांडी घालून बसले होते. पुढ्यात उघडलेला लॅपटॉप, कागदावर मांडलेले स्क्रू, ताटलीत घड्याळ आणि अंगठी. भिंतीपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात, लाल बादली. भाची तिच्याकडे टक लावून बघत ओट्यावर बसलेली, धडधाकट, हातात चहाचा कप. फोन आत चार्जिंगला लावलेले.

"बसा भाऊ," आबा म्हणाले. "पाणी प्या आधी. बठ्ठं ठीक शे."

मी ओट्यावर बसलो. अक्का पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे वेड्या, एवढ्या उन्हात तू कशाला आलास? यांना पाठवलंस तेवढं पुरे होतं की."

मला कळेना.

"हे सकाळी दारात उभे, बादली घेऊन. मी घाबरलेच. तर म्हणाले, तुमच्या भावाने पाठवलंय. रात्रभर विचार केला म्हणे त्याने, परत तपासलेलं बरं, आणि हाताने काढायचं काम आहे म्हणून मला पाठवलं. हिने तर लावलाच होता चार्जरला, मांडीवर घेऊन बसली होती. काढायला लावला यांनी. थंड होईपर्यंत दीड तास नुसते बसून राहिले, चहासुद्धा घेतला नाही."

मी आबांकडे बघितलं. ते स्क्रू मोजत होते.

मग अक्का आत गेली, भाची तिच्यामागे गेली, आणि आबांनी मला जवळ बोलावलं. बॅटरी बादलीत जायच्या आधी त्यांनी मोबाइलमध्ये तिचा फोटो काढला होता. तिचा एक कप्पा तळलेल्या पुरीसारखा टम्म फुगला होता, आणि त्याच्या बरोबर मधोमध एक बारीक, खोल खळगा होता. आबांनी तळहात उघडला. त्यावर एक स्क्रू होता. लांब स्क्रू. त्या जागी आखूड बसतो. मेमरी टाकून तळ बंद करताना कोणीतरी लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला होता आणि त्याचं टोक संक्रांतीपासून बॅटरीच्या पोटात रुतत होतं.

कोणीतरी म्हणजे मी. मला तो दिवसही आठवला. तळ बंद करताना मी काचेतून समोर बघत होतो. आबांकडे त्या दिवशी सहा माणसं रांगेत होती, मी ती मोजत होतो.

आबांनी तो स्क्रू माझ्या शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून एकदा थोपटल्यासारखं केलं. काही म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी तयार होतो, माफी मागायला, भांडायला, कशालाही. पण तेवढ्यात अक्का जेवायला वाढलंय म्हणत बाहेर आली. मला म्हणाली, "तुझ्या या काळजीमुळे पोर वाचली बघ." आणि मी म्हटलं, "हो." एवढंच. हो.

जेवताना अक्काने त्यांना विचारलं, वाळू इतक्या लांबून का आणली, धुळ्याला काय वाळू नाही? "पांझरेची ओली असली तर?" आबा म्हणाले. कंडक्टरनेही हेच विचारलं होतं म्हणे. त्याला समजावून सांगितल्यावर त्याने बादलीसाठी पुढची सीट दिली. माझ्याकडून तिकिटाचे सुटे मागतात कंडक्टर.

परत येताना मी म्हटलं, माझ्या गाडीवर चला. बादली तिथंच ठेवली, कोणी हात लावायचा नाही असं भाचीला तीनदा बजावून. बसमध्ये चाळीस माणसं असतात, त्यांच्यात असली वस्तू न्यायची नाही, धुळ्यातलाच कचरावाला येऊन नेईल, असं त्यांचं ठरलं होतं. अख्ख्या रस्त्यात ते माझ्यामागे बसून फक्त एकदा बोलले. एरंडोलला म्हणाले, "हळू चालवा."

मी त्यांच्याशी त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. रोज सकाळी शटर उघडताना ठरवायचो, आज सांगू. मग जिन्यावरून पहिला माणूस वर यायचा, माझ्या दाराकडे बघायचा, डावीकडे वळायचा, आणि माझं डोकं पुन्हा तापायचं. उपकार केलेल्या माणसाचा हेवा करणं जास्त कठीण असतं, पण मी जमवलं. स्क्रू मात्र आता कागदावर नकाशा काढूनच ठेवतो. बायको विचारते हे कुठून शिकलात. मी म्हणतो, डिप्लोम्यात होतं.

यंदा भाचीचा साखरपुडा झाला, धुळ्यालाच. अक्काने आबांना स्वतः फोन करून बोलावलं. पंगतीत वरण-बट्टी, वांग्याचं भरीत, आणि आबा मानाच्या जागी, मुलाच्या वडिलांशेजारी. मी त्यांच्या समोर. अक्का वाढता वाढता थांबली आणि तिने व्याह्यांना ती गोष्ट सांगायला घेतली. गेल्या वर्षभरात तिने ती इतक्यांना सांगितलीय की आता तिच्यात माझा रात्रभर जागल्याचा प्रसंगसुद्धा आलाय. "एवढा सावध माणूस आहे माझा भाऊ. तो नसता तर माझी पोर..."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हातातला घास पानात ठेवला. मी ठरवलं, आता, इथंच. मी म्हटलं, "अक्का, खरं म्हणजे त्या दिवशी मी..."

"खरं म्हणजे मी निघतच नव्हतो," आबा म्हणाले. बट्टी कुस्करत, वरही न बघता. "ऊन केवढं होतं. मी म्हटलं, उद्या जाऊ. हे भाऊ ऐकायलाच तयार नाहीत. माझ्या दुकानात येऊन बसले, म्हणाले, आबा, तुम्ही उठल्याशिवाय मी उठणार नाही. बादली यांनीच भरून दिली."

व्याह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. अक्काने पदराने डोळे पुसले आणि माझ्या पानात, नको नको म्हणत असताना, आणखी एक बट्टी घातली. आबांनी मान वर करून वरण मागितलं. इतकं सहज बोलले होते की क्षणभर मलाच ती बादली भरल्याचं आठवल्यासारखं झालं. आजवर मी त्यांच्या गिऱ्हाइकांचा हेवा केला, काचेचा केला, मेहरूणच्या चार ओळखींचा केला. आणि त्या दिवशी पंगतीत मला कळलं की हा माणूस खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलतो, कारण तो ते माझ्यासाठी बोलतो.